आबांनी न बांधलेला हात

आमच्या वाडीत हाड मोडलं की माणूस आधी आबांकडे जातो, डॉक्टरकडे नंतर. माझ्या लहानपणी तरी असंच होतं आणि अजूनही तसंच असणार असं मी ठाम धरून चाललो होतो. आबा माझ्या नात्यातले नाहीत, पण पोलादपूरच्या डोंगरातल्या या आमच्या वाडीत लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणतात. शेती हा त्यांचा धंदा, आणि हाडं बसवणं हे बापाकडून आलेलं काम. बैल असो की माणूस, बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि हातभर धीर, एवढ्यावर ते भागवायचे. माझा डावा हात मी चौथीत असताना त्यांनीच बसवलेला. तो आजही मनगटाच्या वर किंचित वाकडा आहे. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी तो बायकोच्या मागे लपवलाय.

त्या हाताचा राग मी बरीच वर्षं सांभाळला. पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलो, बारा वर्षं शहरात भाड्याच्या खोलीत काढली आणि गावाला कोणी आबांचं नाव काढलं की नाक मुरडत राहिलो. कारखान्यात आम्हाला प्रथमोपचाराचं शिक्षण देतात. मी त्यात पहिला आलो, तेव्हा मिळालेलं प्रमाणपत्र फ्रेम करून घेतलं, आणि दोन वर्षांपूर्वी वाडीत नवं घर बांधून राहायला आलो तेव्हा ते दाराच्या समोर लावलं. बायको म्हणते, घरात देवांपेक्षा ते ठळक दिसतं. तिचं म्हणणं खोटं नाही.

त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. भात झोडून झालं होतं आणि खळ्याच्या कडेला पेंढ्याची उंच उडवी रचून ठेवली होती. माझी सात वर्षांची लेक आणि शेजारची पोरं सकाळपासून त्या उडवीवर चढून घसरत होती. मी अंगणात मोटरसायकल धूत होतो. आधी हसण्याचा आवाज होता, मग एकदम काहीच नाही, आणि मग ती ओरडली. पेंढा मऊ असतो, पण ती घसरली ती पलीकडच्या बाजूने, चोपून टणक केलेल्या खळ्यावर, उजवा हात खाली टेकून. मी पोचलो तेव्हा ती तो हात दुसऱ्या हाताने धरून बसली होती आणि कोपराच्या वर तो भलत्याच जागी वळला होता.

मला प्रमाणपत्र आठवलं. दुसरं काही आठवायला हवं होतं, पण आठवलं ते प्रमाणपत्र. मी तिला ओटीवर आणलं, पुठ्ठ्याचा खोका फाडला, बायकोची ओढणी घेतली, कोपर जमेल तितकं सरळ केलं आणि खांद्यापासून मनगटापर्यंत घट्ट बांधून टाकलं. पोरगी किंचाळत होती. मी म्हणत होतो, झालं, झालं, आता हलणार नाही. बांधून झाल्यावर मी जरा मागे सरकून बघितलंसुद्धा, गाठ कशी बसलीय ते. हे लिहायला लाज वाटते, पण बघितलं खरं.

तेवढ्यात आबा अंगणात आले. बायकोने शेजारणीला पाठवून मला न विचारता त्यांना बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेला, वाळका, ताठ माणूस. त्यांना बघून माझं डोकंच फिरलं. सगळ्या वाडीदेखत मी ओरडलो, "आबा, लांब राहा! एक वाकडा हात पुरे झाला या घरात. माझ्या पोरीला हात लावायचा नाही!"

आबा थांबले. रागावले नाहीत, निघूनही गेले नाहीत. ओटीच्या खाली दोन पायांवर बसले आणि म्हणाले, "बरं. नाय लावत. तू लाव. तिची बोटं बघ."

मी बघितली. भिजवलेल्या तांदळासारखी पांढरी झाली होती.

"आता दुसऱ्या हाताची बघ."

डावा हात गरम होता. उजवा गार. एकाच पोरीचे दोन हात, आणि त्यांच्यात एवढा फरक.

"मनगटाला नाडी लागते काय?"

मी चाचपली. कारखान्यात बाहुलीवर आणि एकमेकांवर शिकलो होतो. काही लागलं नाही. मी जागा बदलली, परत बदलली. काहीच नाही.

"सोड ती गाठ," आबा म्हणाले. "कोपर ताणून धरू नको. थोडा वाकू दे, जसा त्याचा त्याला बरा वाटल तसा."

गाठ मीच मारलेली आणि मलाच सुटेना. शेवटी बायकोने कात्री आणून ओढणी कापली. आबा अजूनही खालीच बसून होते. मग त्यांनी मला विचारलं, "आता मी धरू?"

ज्या माणसाला मी चारचौघांत हाकलून लावलं होतं तो माझी परवानगी मागत होता. मी मान हलवली. ते वर आले, पोरीच्या शेजारी बसले आणि एक तळवा कोपराखाली, दुसरा मनगटाखाली असा तो हात त्यांनी उचलला. ओढला नाही, दाबला नाही, चोळला नाही. हळूहळू बोटांवर जरासा रंग आला. पोरीचं किंचाळणं कमी होऊन रडणं सुरू झालं. आबांनी मनगटावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"रंग आला, पण नाडी नाय," ते म्हणाले. "हा मी बांधणार नाय. गाडी काढा. आत्ताच्या आत्ता. आन् पोटात काय घालू नका हिच्या, पाणीपण नको."

तोवर ओटीसमोर दहा-बारा माणसं जमली होती आणि आमच्या वाडीत माणसं जमली की सल्लेही जमतात. कोणी म्हणालं हळद लावा, कोणी म्हणालं जेवून निघा, वाटेत मिळायचं नाही. एका काकूने तर गूळ-खोबरं पोरीच्या तोंडाशी आणलंच. बायकोने ते परत केलं आणि सरळ रस्त्याकडे निघाली. गावातली प्रवासी जीप वळणावर उभीच होती. चालवणाऱ्याने आधीच बसलेल्या दोन प्रवाशांना उतरवलं आणि पाच मिनिटांत आम्ही निघालो. आबा पायांत चपला नाहीत हे विसरून तसेच चढले, कारण पोरीचा हात त्यांच्या हातात होता.

पोलादपूरपर्यंतची ती वळणं मी रोज मोटरसायकलवरून करतो आणि कधी मोजली नाहीत. त्या दिवशी प्रत्येक वळण मला जाणवलं. गाडी इकडे कलंडली की आबांचं अंग तिकडे कलायचं, आणि हात मात्र जागच्या जागी. पाय खाली घट्ट रोवून, पाठ सीटला लावून ते बसले होते आणि लेकीशी बोलत होते. तिच्या शाळेत किती पोरं, त्यातला सगळ्यात वात्रट कोण, बाईंना कोण घाबरतं. तिने वात्रटांत पहिलं नाव आपलंच सांगितलं. मी समोरच्या सीटवर रिकाम्या हातांनी बसलो होतो.

पोलादपूरला रेंज आली. आबा मला म्हणाले, "माझ्या बंडीच्या खिशात फोन हाय. काढ. हिरवं बटन दाब, पहिलाच नंबर हाय." मी दाबलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. ते एवढंच बोलले, "मी बोलतोय. पोरगी हाय, सात वर्षांची. कोपराच्या वर मोडलाय. नाडी लागत नाय. पोट सकाळच्या चहानंतर रिकामा हाय. पोलादपूरला पोचलोय." फोन ठेवला. मी इतक्या वर्षांच्या नोकरीत कंट्रोल रूमला एवढा नेमका निरोप कधी दिलेला नाही.

पण आमची खोड जात नाही. स्टँडजवळ गाडी गर्दीत अडकली आणि लेक पुन्हा रडायला लागली, तहान लागली म्हणाली. आमच्याकडे पोर रडलं की त्याच्या तोंडात काहीतरी घालायचं, हा एकच इलाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मी खाली उतरलो, आंब्याच्या रसाचं पाकीट आणलं, नळी खुपसली आणि तिच्यापुढे धरलं. आबांचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी सरळ मान लांब केली, नळी स्वतःच्या तोंडात धरली आणि सगळा रस एका दमात पिऊन टाकला. लेक अवाक झाली. मग तिने असं भोकाड पसरलं की मोडलेल्या हातासाठीही तेवढं पसरलं नव्हतं. "माझा ज्यूस प्यायले!" महाड येईपर्यंत हे एकच पालुपद चालू होतं. बायको रडता रडता हसली. आबा मिशी पुसत म्हणाले, "लय गोड होता गो. बरी झालीस की दोन देतो."

दुसरी खोड त्याहून मोठी. आमच्या वाडीत घर बांधायचं असो, म्हैस विकायची असो की मुलगी द्यायची असो, मुंबईला विचारल्याशिवाय निर्णय होत नाही. बायकोने माझ्या थोरल्या भावाला फोन लावला होता. तो मुंबईहून एकदम ठाम आवाजात म्हणाला, "महाडला टच करू देऊ नको. डायरेक्ट इकडे आण. माझ्या ओळखीचा मोठा डॉक्टर आहे, मी सगळी सेटिंग करतो." आणि मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. मुंबईचा डॉक्टर म्हणजे मोठा, हे आमच्या रक्तातच असतं. महाडचा फाटा आला, चालवणाऱ्याने गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, "काय करायचा? आत वळू की सरळ मुंबई?"

फोन अजून चालूच होता. आबांनी माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, पोरगी मुंबईला पोचल. हात पोचणार नाय."

मी चालवणाऱ्याला म्हटलं, "आत वळ." भावाचा फोन मी बंद केला. पुढे चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन दोघं उभे होते. आमच्यासाठी. मला ते खरंच वाटेना. आतून हाडांच्या डॉक्टरबाई आल्या, चाळिशीच्या, पायांत स्लिपर, घाईत असूनही शांत. त्यांनी आधी आबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आबा, तसाच धरून ठेवा, मी खालून घेते." आबांच्या हातातून त्यांच्या हातात तो हात गेला तेव्हा लेकीने हूं की चूं केलं नाही. तेव्हा मला कळलं की हे दोघं पहिल्यांदा भेटत नव्हते. वाडीतली किती मोडलेली हाडं आबांनी इथे आणून पोचवली होती कोण जाणे. मी बारा वर्षं या दवाखान्यावरून कारखान्याच्या बसने जात होतो आणि आबा अजून पट्ट्या बांधत बसलेत असं समजत होतो.

एक्स-रे झाला. डॉक्टरबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. कोपराच्या वरचं हाड मोडून त्याचं टोक पुढे आलं होतं आणि हाताला रक्त नेणारी नस त्याच्यावर ताणली गेली होती. "भूल देऊन हाड जागेवर आणते, बारीक तारा घालते. नस मोकळी झाली तर नाडी येईल. नाही आली तर नस उघडून बघावी लागेल. उशीर झाला तर हाताचे स्नायू मरतात, मग बोटं आयुष्यभर उघडत नाहीत. काही खाल्लंय का हिने?"

"सकाळच्या चहानंतर काही नाही," बायको म्हणाली, आणि आबांकडे बघितलं.

"छान. नाहीतर भूल द्यायला थांबावं लागलं असतं, आणि थांबायला आपल्याकडे वेळ नाही." त्या आत गेल्या.

बायको ऑपरेशनच्या दाराला लागूनच बसली. मी आणि आबा बाहेरच्या बाकावर. सकाळचं बोलणं गिळता येत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आबा, मघाशी मी जे ओरडलो..."

"बरा केलास," ते म्हणाले. "माझ्यावर तवा कोणी ओरडला नाय."

आणि मग त्यांनी, समोरच्या भिंतीकडे बघत, सांगितलं. त्यांची थोरली लेक आठ वर्षांची असताना अशीच पडली, हेच कोपर. त्यांनी स्वतः बांधलं. चार गावांत नाव होतं, लांबलांबून माणसं यायची, मग स्वतःच्या पोरीला दुसऱ्याकडे कशाला न्यायचं? बोटं गार पडली, त्यांना वाटलं थंडी हाय. पोर दोन रात्री कळवळली, त्यांना वाटलं हाड जुळताना दुखतंच. सोडलं तेव्हा बोटं आत वळली होती. ती पुन्हा उघडली नाहीत. "लोक म्हणाले, देवाची मर्जी. बायको म्हणाली, नशीब. सगळ्यांनी मला सांभाळून घेतला. कोणी म्हणाला नाय, की तू केलंस." त्यानंतर त्यांनी कोपर कधी बांधलं नाही. हळूहळू इतर हाडंही बांधायची सोडली. मोडलेलं कसं धरायचं, कसं न्यायचं, हे मात्र या डॉक्टरबाईंना विचारून विचारून शिकले, सत्तरीला टेकल्यावर. माणसं अजूनही आधी त्यांच्याकडेच येतात आणि ते येणाऱ्याला गाडीत घालून स्वतः सोबत निघतात.

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली आहेत. आपल्याला येणारी एकमेव विद्या आपल्या हाताने बाजूला ठेवणारा माणूस मी एकच बघितलाय, आणि तो त्या बाकावर अनवाणी बसला होता.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क काढला होता. "नाडी आली," त्या म्हणाल्या. "नस उघडायची गरज पडली नाही. हात चांगला राहील." बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी डॉक्टरबाईंच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी मला धरून उभं केलं. आबांनी फक्त विचारलं, "बोटं गरम हायत?" त्या म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." आणि त्यांना चक्क आत घेऊन गेल्या.

तारा काढल्या, प्लास्टर निघालं, कोपर थोडं आखडलेलं राहिलं. वाडी पुन्हा सल्ले घेऊन हजर झाली, आबांकडून चोळून घ्या म्हणून. आबांनी चोळायला साफ नकार दिला. डॉक्टरबाईंनी सांगितलेला व्यायाम लेकीने रोज केला की नाही ते बघायला मात्र ते संध्याकाळी येऊन बसायचे, आणि कबूल केलेली रसाची दोन पाकिटं त्यांनी पहिल्याच दिवशी आणून दिली.

शिमग्याला त्यांची थोरली लेक माहेरी आली. चाळिशी पार केलेली, हसतमुख बाई. आबांबरोबर आमच्या घरी आली, ओटीवर बसली आणि माझ्या पोरीला जवळ घेऊन तिची बोटं एकेक करून उघडून, मिटून बघायला लागली. तिच्या स्वतःच्या उजव्या हाताची बोटं आत वळलेली, म्हणून ती हे सगळं डाव्या हाताने करत होती. बायकोने चहा आणला. माझ्या लेकीला कुठे काय विचारू नये हे कळत नाही. ती म्हणाली, "आत्या, तुमची बोटं का उघडत नाहीत?"

मी तिच्यावर डोळे वटारले. पण आत्या हसली. "माझ्या टायमाला रस्ता नव्हता गो," ती म्हणाली. "डॉक्टरपन नव्हता. कुठं नेणार?"

आबा पायरीवर उभे होते. कप हातात तसाच.

"रस्ता होता," ते माझ्या सात वर्षांच्या पोरीला म्हणाले. "यष्टी खाली येत होती. महाडला डॉक्टरपन होता. मी नेला नाय."

त्यांच्या लेकीने माझ्या पोरीची बोटं हातातून सोडली नाहीत, बापाकडे बघितलंही नाही.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "बस खाली. चहा गार होतोय."